ती मुलगी घरी आली तर

मागच्या वर्षी आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. दुपारच्या सत्रात, जेवणं होऊन सगळ्यांचे डोळे जड झालेले असताना, मार्गदर्शक बाईंनी कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, "सोळा वर्षांच्या स्वतःला एक पत्र लिहा." बायकांची झोपच उडाली. भराभर लिहायला लागल्या. नंतर एकेकीनं उठून वाचून दाखवलं, तेव्हा बहुतेकींचे डोळे भरून आले होते. सगळ्या पत्रांचा सूर एकच. घाबरू नकोस गं, सगळं नीट होणार आहे, मला तुझा अभिमान वाटतो.

माझा कागद तेवढा कोरा राहिला. शेजारच्या मॅडमनी विचारलंसुद्धा, "तुम्हाला काही सुचत नाही, असं कसं झालं?" सुचत होतं हो. पण माझी अडचण वेगळी होती. सोळा वर्षांच्या त्या मुलीनं मलाच आधी लिहून ठेवलं होतं, आणि माझ्याकडून त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

माझं माहेर बदनापूरजवळच्या एका खेड्यातलं. आई २०१९ मध्ये गेली. तेराव्यानंतर वहिनीनं तिची पत्र्याची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली, "तुम्हीच बघा ताई, काय ठेवायचं ते." पेटीत दोन लुगडी, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड आणि माझी दहावीची भूगोलाची वही. आईला वाचता येत नव्हतं. कागद म्हणजे जपून ठेवायची वस्तू, एवढंच तिला ठाऊक. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी 'मोठी झाल्यावर' असं लिहून खाली बरंच काही खरडलं होतं. मी नोकरी करीन. वडिलांसमोर खुर्चीवर बसेन. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तव्यातली शेवटची भाकरी खाणार नाही. समुद्र बघेन. आणि मग दोनदा अधोरेखित केलेली ओळ: दादाला जमीन मिळणार तर मला पण पाहिजे, आईला पण पाहिजे.

हे खूळ डोक्यात कुठून आलं तेही आठवतं. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आमची काकू ट्रकमध्ये बसून गेली होती. गावाबाहेर कधी न गेलेली बाई दोन दिवसांनी परत आली ती छातीवर लाल बिल्ला लावून. ओसरीवर बसून सांगत होती, "बायाच बाया बाई तिथं! आन् माइकवर म्हणत होते, राबणारी तूच, मग सातबाऱ्यावर तुझं नाव कामून नाही?" वडील हसले. आजी म्हणाली, चहा ठेव आधी. मी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

आता समजा, ती मुलगी आज माझ्या जालन्याच्या घरी आली. दोन वेण्या, परकर-पोलकं, हातात ती वही. मला वाटतं पहिला अर्धा तास ती खूष असेल. दारातली स्कूटी बघेल, तिच्यावर हात फिरवेल. झेडपी शाळेतली चौतीस वर्षांची नोकरी, स्वतःच्या नावाचं बँकेचं पासबुक, गॅस, फ्रिज, लेक पुण्याला कंपनीत. खुर्चीवर मी बसतेच. वडील हयात असतानाच बसायला लागले होते, नोकरी लागल्यावर त्यांनीच ओढून दिली होती. समुद्रही पाहिला, शाळेच्या सहलीबरोबर, मुलं मोजता मोजता. शेवटच्या भाकरीचं विचारलं तर मी विषय बदलीन.

मग ती वहीचं ते पान उघडेल.

माझं लग्न १९९३ च्या मे महिन्यात झालं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाएवढाच जन्मसिद्ध हक्क. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. एका वर्षानं हुकलं! पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराचा कायदा बदलला आणि लग्न कधी झालं ही अट गेली. वडील त्यावेळी जिवंत असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि तसं पाहिलं तर बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलीचा आणि विधवा बायकोचा हिस्सा १९५६ च्या कायद्यातही होताच. हे मी आज घडाघडा सांगते आहे. २०१२ साली मला यातलं अर्धं माहीत होतं, आणि अर्धं माहीत असूनही मी सही केली.

वडील २०११ ला गेले. वर्षश्राद्ध झालं आणि दादा म्हणाला, "एकदा जाऊन ते हक्कसोडचं उरकून घेऊ." उरकून घेऊ! जशी काही पापडाची लाटणी. दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवरचा कागद तयारच होता. तालुक्याच्या कचेरीत आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. आधी आईचा अंगठा, मग माझी सही, मग धाकटीची. अर्ध्या तासात सगळं झालं. नंतर दादानं आम्हाला रसवंतीवर नेलं, आणि साड्याही घेतल्या. बारा एकराच्या बदल्यात एकेक साडी असं कुणी म्हणेल, पण त्या दिवशी मला तसं वाटलं नव्हतं. खरं तर बरंच वाटलं होतं. चांगली बहीण असल्याचं समाधान मिळालं.

ती मुलगी विचारेल, "का गं केलीस?" आणि इथे मला माझी बाजू मांडली पाहिजे, कारण सोळाव्या वर्षी जगाचे सगळे धागे दिसत नसतात. माझा दादा काही सिनेमातला खलनायक नाही. माझ्या बाळंतपणात रात्री दीड वाजता जीप घेऊन आला होता तो. २०१३ च्या दुष्काळात त्याची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली. टँकरनं पाणी घालून बघितलं, शेवटी कुऱ्हाड लावली. त्या साली जिल्ह्यात कुणाकुणाच्या बागा अशा गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मीच मनाशी म्हटलं, बरं झालं बाई, आपण वाटा मागितला नाही. (वाटा असता तर तोट्यातही वाटा उचलला असता, हे तेव्हा सुचलं नाही. पगार तर माझा दर महिन्याला चालूच होता.)

पण माझी खरी अडचण दादा नव्हताच. कचेरीत जायच्या आदल्या रात्री आई माझ्याजवळ येऊन झोपली आणि हळूच म्हणाली, "बाई, तू तुझ्या घरी जाशील. मला त्याच्याच दारात दिवस काढायचेत. माझ्यासाठी सही कर." यापुढे कोणती लेक बोलेल, सांगा. वर्षानुवर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले, की मी आईसाठी सोडलं. वही हातात आली तेव्हा मात्र दुसऱ्यांदा वाचताना 'आईला पण पाहिजे' या शब्दांवर अडखळले. म्हणजे ज्या बाईचा स्वतःचा हिस्सा होता, तिनं तो सोडून दिला आणि मग म्हातारपणाच्या भीतीनं लेकींनाही सोडायला लावला. तिचा दोन-तीन एकराचा तुकडा तिच्या नावावर राहिला असता, तर ती 'त्याच्याच दारात' असती का? दार तर तिचंही असतं. हे बी.ए. झालेल्या मला कचेरीच्या बाकावर सुचलं नाही, आणि भूगोलाच्या वहीत सोळा वर्षांच्या पोरीनं लिहून ठेवलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. समृद्धी महामार्ग आला. तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. २०१७ मध्ये जमिनीची थेट खरेदी सुरू झाली, सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला. आमच्या पट्ट्यात तेव्हा अचानक कितीतरी भावांना बहिणी आठवल्या. ज्यांची नावं सातबाऱ्यावर होती त्यांच्या सह्या लागत होत्या ना! कुठे गाडी पाठवून बहिणींना आणलं, कुठे भांडणं होऊन पैसा अडकून पडला. आमच्याकडे काहीच झालं नाही, कारण आम्ही पाच वर्षांपूर्वीच मोकळ्या झालो होतो. तीन एकर गेले. दादानं मोठं घर बांधलं, मुलाला गाडी घेतली, आम्हा दोघी बहिणींना पैठणी नेसवली. सुंदर होती, मोरपंखी. मी ती शाळेच्या गॅदरिंगला नेसले.

त्याच वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. आई मला फोनवर म्हणाली, "तुझ्याकडून होतंय का बघ, त्याला सारखं सारखं कसं मागू?" ऑपरेशन मी केलं. पैशाचं काही नाही, पैसे होते. पण तिच्या नवऱ्याच्या जमिनीतून सहापदरी रस्ता जात होता आणि ती डोळ्यासाठी मागू का नको करत होती. २०२२ च्या डिसेंबरात रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. परवा आम्ही गाडीनं शिर्डीला त्याच रस्त्यानं गेलो. आमचं शेत कुठलं ते मला ओळखूच आलं नाही. नव्वदच्या स्पीडनं मागे गेलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, आता उगाळून काय उपयोग? मीही तेच म्हणत होते. पण गोष्ट संपलेली नाही, मैत्रिणींनो. फक्त मी आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आहे.

माझं सासर मंठा तालुक्यातलं. अकरा एकर शेती. दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले. दोन मुलं, दोन मुली आणि सासूबाई. या दिवाळीत भाऊजींनी विषय काढला, "आक्का आणि माईला बोलावून हक्कसोड करून घेऊ." आमच्या ह्यांनी मान डोलावली. मी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरत उभी होते आणि मीसुद्धा काही बोलले नाही. नुसती गप्प राहिले असं नाही, आत कुठेतरी मला ते सोयीचंही वाटलं. लेकीचं लग्न व्हायचंय, माझी निवृत्ती चार वर्षांवर आली. खोटं कशाला बोलू? स्वतःच्या माहेरी गेलेलं आठवून जिचा जीव जळतो, तीच बाई नणंदांचं जाताना गप्प उभी होती. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण शाळेत मीच करते.

रात्री मी ह्यांच्याजवळ विषय काढला. म्हटलं, "आक्कांचा हिस्सा ठेवला पाहिजे. आणि आईंचा तर ठेवलाच पाहिजे." ते म्हणाले, "तू तुझ्या भावाला दिलंसच ना? मग माझ्या बहिणींनी दिलं तर काय बिघडलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते द्यायचा अधिकार मी २०१२ मध्येच सोडून आले होते. हक्कसोडपत्रात जमीन जाते हे लिहिलेलं असतं. बोलण्याची ताकद जाते हे कुठे लिहिलेलं नसतं.

मी प्रेमानं सोडणाऱ्या बहिणींना नावं ठेवत नाही. जिला खरोखर नको आहे, तिनं सोडावं, तो तिचा हक्कच आहे. माझी तक्रार घाईबद्दल आहे. कागद आधीच तयार असतो, रसवंती आधीच ठरलेली असते, आणि 'मागितलं तर माहेर तुटेल' ही भीती इतकी जुनी, की कुणाला ती बोलूनही दाखवावी लागत नाही. सोडायचंच असेल तर सातबारा बघून सोडा, किती एकर आहे ते कळून सोडा, वकिलाला विचारून सोडा. आणि आईचा अंगठा तरी घेऊ नका. तिचा हिस्सा तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहू द्या. तिला विचारलं तर ती नकोच म्हणेल. माझीही म्हणाली होती.

पत्राचं म्हणाल तर ते मी अजून लिहिलेलं नाही. लिहिलं तरी त्यात 'मला तुझा अभिमान वाटतो' असं लिहिणं मला जड जाईल. तिच्या ओळीवर काट मारून बसलेली मी, अभिमान वाटून घेणारी कोण? आईसारखी होणार नाही असंही तिनं एका ठिकाणी लिहिलंय. तिथे मात्र मी तिला दोन शब्द सुनावीन. आई काय होती हे कळायला तुला अजून पुष्कळ पावसाळे बघायचेत, म्हणावं.

मागच्या रविवारी ह्यांची गावाकडे चक्कर होती. घरात कुणी नव्हतं. मी आक्कांना फोन लावला. आधी बोरं, ज्वारी, नातवाचा खोकला असं सगळं झालं. मग म्हटलं, "आक्का, भाऊजी कागद घेऊन येतील. वाचल्याशिवाय सही करू नका. तुमचा अकरा एकरात हिस्सा आहे. आणि आईंचा अंगठा होऊ देऊ नका."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग त्या म्हणाल्या, "हे तू सांगायलीस? मला वाटलं होतं, तूच आधी पेन हातात देशील."

मी काही बोलले नाही. संध्याकाळी हे परत आले, तोवर आक्कांचा त्यांना फोन होऊन गेला होता. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. कागद अजून कपाटात आहे, आणि सासूबाई काल सहज विचारत होत्या, "काय गं, माझ्या नावावर किती येतंय म्हणे?"