धर्मप्रसार कीं धर्मवृद्धि ?

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत विधानसभेंत नवापूर तालुक्यांतील अनधिकृत चर्चांचा प्रश्न निघाला, आणि अशीं बांधकामें चौकशीअंतीं सहा महिन्यांच्या आंत हटविण्याचें आश्वासन महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनीं दिलें. या उत्तरानें नंदुरबार जिल्ह्यांतील जुना वाद पुन्हां चव्हाट्यावर आला. एक पक्ष म्हणतो, भोळ्या आदिवासींस आमिष दाखवून बाटविलें जातें; दुसरा म्हणतो, आमच्या उपासनेवर हा घाला आहे. दोन्ही पक्ष माथीं मोजण्यांत गुंतले आहेत. त्या माथ्यांखालील मनुष्याचें पुढें काय होतें, हें मात्र कोणी पुसत नाहीं.

प्रथम कायद्याचें पाहूं. घटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसारण्याचा हक्क दिला आहे. ‘प्रसार’ या शब्दावर घटनासमितींत डिसेंबर १९४८ मध्यें कडाक्याचा वाद होऊन तो शब्द कायम राहिला. पुढें १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्टॅनिस्लॉस खटल्यांत असा निर्णय दिला कीं, आपलीं तत्त्वें सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्यास आपल्या धर्मांत ओढण्याचा हक्क नव्हे. सांगणाऱ्यास सांगूं द्यावें, आणि ऐकणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि मोकळी ठेवावी, हाच याचा मथितार्थ होय.

आतां जिल्ह्याची स्थिति पाहा. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें साडेसोळा लाख वस्तीपैकीं शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे. कुपोषण, सिकलसेलचा आजार आणि मजुरीसाठीं गुजराथेकडे स्थलांतर हें येथील नित्याचें दुःख. विसाव्या शतकाच्या आरंभापासून परदेशी मिशनऱ्यांनीं या पश्चिम खानदेशांत पाय रोवले. चिंचपाड्याचें ख्रिस्ती रुग्णालय हें त्या कार्याचें आजही चालू असलेलें फळ. पण आदिवासींस सुधारणेचा मार्ग केवळ परक्यांनींच दाखविला असें नाहीं. १९३८ च्या सुमारास तळोदें भागांत गुला महाराजांनीं मद्यत्यागाचा व शुद्ध आचरणाचा उपदेश केला, तेव्हां भिल्लांचे समुदाय त्यांच्या आरतीस लोटले. ज्यांना आपण भोळे म्हणून कींव करतों, त्यांना बरेंवाईट कळतें, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

श्रद्धा वाढते कशी, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण लक्ष्मीबाई त्याच दिवशीं त्यांच्यामागें गेल्या नाहींत. त्यांनीं कांहीं वर्षें विचार केला, स्वतःच्या मनाशीं झगडा केला, आणि मगच निश्चय केला. टिळकांनीं ख्रिस्तभक्तीस अभंगाची व कीर्तनाची वाट दिली, आणि १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. धर्म बदलला म्हणून मराठीपण टाकलें पाहिजे, असें त्यांना कधीं वाटलें नाहीं.

म्हणून ख्रिस्ती प्रचारकांस आमचें सांगणें असें : बाप्तिस्मा म्हणजे खातें उघडणें, हिशेब त्यापुढेंच सुरू होतो. नवशिष्यास वाचावयास शिकवा, त्याच्याच मावची वा भिल्ली बोलींत त्याला प्रार्थना करूं द्या, त्याच्या शंकांस उत्तर द्या. औषधाची पुडी देतांना तिची किंमत श्रद्धेंत मागूं नका, आणि डोंगऱ्यादेवाच्या किंवा वाघदेवाच्या पूजकाची हेटाळणी करूं नका. नाहीं तर एका कुटुंबांत दोन चुली व गांवांत दोन तट पडून मयताच्या मातीवरूनही तंटे उभे राहतात. त्यांत कोणाचाच देव प्रसन्न होत नाहीं.

विरोधकांसही दोन शब्द. अनधिकृत बांधकाम पाडावयाचें तर त्याचा नियम चर्च, मंदिर, दर्गा सर्वांस सारखा लावा. एकाच्याच दारीं कुदळ गेली तर तो कायदा नव्हे, पक्षपात होय. आमिषाचा पुरावा असेल तर न्यायालयांत मांडा. झुंडीनें प्रार्थना बंद पाडणें हा पुरावा नव्हे.

शेवटीं आम्हां शहरवासी व व्यापारी मंडळींस विचारतों : अक्कलकुव्याहून किंवा धडगांवाहून मिरची विकावयास आलेल्या पावऱ्याशीं आपण कसें बोलतों ? वजनांत त्याला पुरें माप मिळतें काय ? आजारी पडल्यास त्याच्या घरीं आपल्यापैकीं कोणी जातो काय ? जो त्याच्या घरीं जातो, त्याचेंच तो ऐकणार, हें उघड आहे. आदिवासी दुसऱ्याकडे गेला म्हणून ओरडण्यापूर्वी तो आपल्याकडे कधीं आला होता, आणि आला तेव्हां आपण त्याला बसावयास सांगितलें होतें काय, याचा जबाब ज्यानें त्यानें स्वतःशीं द्यावा.