लस घेतली म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येते काय?

कोरोनाची साथ ओसरून वर्षे झाली, पण आमच्या वालावलात एक वाक्य अजून ऐकू येते, "लस घेतलंय, म्हणानच टेस्ट पॉझिटिव्ह इली." या समजापायी माझ्या ओळखीतल्या काहींनी दुसरा डोस टाळला होता. म्हणून हा खुलासा.

या विषाणूच्या अंगावर काटे असतात. ते एस नावाच्या प्रथिनाचे. काट्याच्या आधारेच तो आपल्या पेशीला चिकटतो व आत शिरतो. विषाणूच्या पोटात, करवंटीत खोबरे असावे तसे, एन नावाचे दुसरे प्रथिन असते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड शरीराला फक्त काट्याची ओळख करून देते. काटा अडवला की विषाणूला पेशीचे दार बंद. करवंटीतल्या एनला धरून तो अडत नाही.

पुण्याच्याच मायलॅबची घरी करायची कोविसेल्फ टेस्ट मे २०२१ मध्ये मंजूर झाली, किंमत २५० रुपये. ती मात्र एन शोधते. नाकात फिरवलेली काडी नळीतल्या द्रवात घोळवली की विषाणू फुटतो, एन बाहेर येते आणि पट्टीवर 'टी'च्या रेषेपाशी अडकते. एन भरपूर असते, शिवाय काट्याइतके बदलत नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनच्या काट्यात तिसाहून अधिक बदल होते!

कोविशील्डमध्ये एन नाहीच, मग टेस्टला सापडणार काय? कोणी म्हणेल, कोव्हॅक्सिनचे काय? ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने बनवली. त्यात मारलेला अख्खा विषाणू, म्हणजे एनही आले. पण सुई दंडात, काडी नाकात. मेलेला विषाणू वाढत नाही, नाकापर्यंत पोचत नाही.

खरा धोका निगेटिव्हचा आहे. लागण नवी असताना एन कमी असते, रेषा उमटत नाही. लक्षणे असून टेस्ट निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असे आयसीएमआरने तेव्हाच सांगितले होते. गणपतीला मुंबईहून आलेला खोकणारा मुलगा कोरी पट्टी दाखवून दमेकरी आजीच्या उशाशी बसला, तर त्याला खुशाल उठवा. वेगळी खोली आपल्यापैकी कितीजणांकडे असते? पण पडवी असते. दोन-चार दिवस तिथे झोपावे, तोंडाला मास्क लावावा, आणि आजीचे जेवण दुसऱ्या कोणी वाढावे.