तव्याला चिकटलेली तंबाखू

जर्मनीहून आला की भाचा चॉकलेट आणतो. यंदा त्यानं माझ्या हातात पन्नास ग्रॅमची एक चपटी गोल डबी ठेवली, वर एक जुना पाईप. "मामा, तुम्ही सोडलीय, माहीत आहे मला. पण ही तुमच्या मंडळींना द्या आणि मत कळवा. व्हर्जिनिया आणि ओरिएंटल, दोन्हीचं मिश्रण आहे. तिकडं लोक यावर तासन्‌तास बोलतात."

तासन्‌तास बोलायला आम्हाला जर्मनीची डबी लागत नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चौघे जमतात. एक निवृत्त मास्तर, बिडीवाले. एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, चुना-तंबाखूवाले. गाव घाटाखाली, नांदुऱ्याकडं, म्हणून अजून 'मले-तुले'त बोलतात. एक बुवा, ऐन तारुण्यात चिलीम ओढलेले. आणि एक किराणा दुकानदार, दिवसाला मोजून दोन सिगारेटी. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग असले, तरी मत द्यायला दोन्हीकडं सारखीच घाई असते.

झाकण उघडताना फुस्स आवाज झाला. आत तांबूस, पिवळट आणि मधूनच काळपट अशा बारीक पट्ट्या होत्या. सगळ्यांनी आळीपाळीनं नाक लावलं. मीही लावलं. तलफ सुटून वीस वर्षं झाली, पण नाकाला ते कुणी कळवलेलं नव्हतं.

पहिलं मत ड्रायव्हरसाहेबांचं. पाईपकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चिमूटभर तळहातावर घेतली, बोटाच्या टोकानं चुना लावला, अंगठ्यानं मळायला लागले. "मऊ हाय राजा," म्हणाले, "मळता मळता गोळाच होऊन रायला." दोनदा थापटून बार लावला. ओटा गप्प. दोन मिनिटांनी निकाल आला : "गोड लागते, पण लागत नाही."

मराठीत 'लागणे' हे क्रियापद किती कामाचं आहे, ते अशा वेळी कळतं. पहिलं लागणं जिभेचं, दुसरं डोक्याचं. चुन्याचं कामच ते. पानातलं निकोटिन क्षारांच्या रूपात अडकलेलं असतं. चुन्यानं ते मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात जातं. पण ओरिएंटल पानात मुळात निकोटिन कमी. चुना तरी सोडवणार काय? पाईपची तंबाखू मळणारा माणूस जर्मनीत सापडायचा नाही, पण आमच्याकडं हे वागणं रीतीला धरूनच झालं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांमागं धूम्रपान करणारे चारसुद्धा भरले नाहीत. धुराविना तंबाखू घेणारे मात्र चोवीस निघाले. राज्यातल्या तंबाखूवाल्यांचं बहुमत बिनधुराचंच.

दुसरं मत मास्तरांचं. त्यांनी पाईप ठासून भरला, काडी लावली आणि बिडीच्या सवयीनं भराभरा झुरके मारले. तिसऱ्या झुरक्याला डोळ्यात पाणी. "जीभ चावली हिनं!" बिडीचं टेंभुर्णीचं पान घट्ट, त्यातून हवा खेळत नाही. सारखी ओढली नाही तर ती विझते, म्हणून बिडीवाल्याला दम घ्यायची सवय नसते. पाईपचं उलटं. तो हळूहळू, विझू न देता सांभाळायचा, धूर छातीत न घेता तोंडातच फिरवायचा. घाई केली की साखरेची तंबाखू आत तापते आणि जीभ भाजते. मास्तर म्हणाले, "हे व्यसन नाही, नोकरी आहे."

मग बुवा पुढं सरसावले. त्यांनी पाईप रिकामा करून पुन्हा भरला, तळाशी सैल, वर जरा दाबून. "आम्ही चिलमीत खडा टाकायचो, खाली ओली छापी गुंडाळायचो. खड्यानं तंबाखू आत येत नाही, छापीनं धूर गार होतो. हिला खडाही नाही अन् छापीही नाही." दोन झुरके त्यांनी डोळे मिटून घेतले. "आधी वाळल्या कडब्याचा वास येतो, पावसाचा शिंतोडा पडलेल्या. मागून मुरलेला गूळ. आणि अगदी शेवटी, देवळात कालचा धूप राहतो ना, तसं काहीतरी."

बुवांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही, पण पाईपचे शौकीन व्हर्जिनियाबद्दल सुकं गवत आणि गोडवा म्हणतात, ओरिएंटलबद्दल धूप, मसाला आणि किंचित आंबूसपणा. जीभ शिकलेली असली की पुरे.

चिलमीचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यात आवाज आपोआप खाली येतो. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ ला प्रकट झालेल्या गजानन महाराजांची चिलीम घराघरातल्या तसबिरीत आहे. जानकीराम सोनारानं अक्षय्य तृतीयेच्या दिवशी विस्तव द्यायला नकार दिला आणि महाराजांची चिलीम नुसती काडी वर धरून पेटली, ही गोष्ट इथल्या पोरांनाही पाठ असते. त्यामुळं कुणी ना कुणी 'महाराजही ओढायचे' असं म्हणून आपली चिलीम पुढं करतो. बुवांची चिलीम त्यांच्या वडिलांनी एका वाक्यात सोडवली होती : "त्यांची विस्तवाशिवाय पेटली. तुझी पेटव, मग ओढ."

दुकानदारांनी आधी विचारलं, "कितीला पडली?" मी आकडा सांगितला. त्यांनी एक झुरका घेतला, धूर वर सोडला. "मग चांगलीच असणार." आणि पाईप तोंडात तसाच धरून म्हणाले, "एक फोटो काढा. बाळासाहेबांसारखा येतो का बघू."

चारही मतं पदरात पडली, तेव्हा मास्तरांनी विचारलं, "पण ही आहे तरी काय?" मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. व्हर्जिनिया म्हणजे भट्टीत वाळवलेलं पान. बंद खोलीत नळकांड्यांतून उष्णता फिरवतात, धूर पानाला लागू देत नाहीत. पाच-सात दिवसांत पान हळदीसारखं पिवळं होतं. पानातल्या स्टार्चची साखर होते आणि पान झटकन वाळल्यामुळं ती तशीच टिकते. आपल्याकडं ही आंध्र आणि कर्नाटकात पिकते; तंबाखू मंडळाचं मुख्यालय गुंटूरला आहे ते याच पिकामुळं. ओरिएंटल तुर्कस्तान, ग्रीस, मॅसेडोनियाकडची. पान तळहाताएवढं, कधी त्याहूनही लहान. दोऱ्यात ओवून उन्हात वाळवतात. जमीन खडकाळ, पाणी कमी, रोपं दाटीनं लावलेली. झाडाची उपासमार होते, म्हणून पान लहान राहतं आणि सगळा वास त्यातच गोळा होतो.

"म्हणजे कोरडवाहू," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ओट्यावर त्या डबीची इज्जत एकदम वाढली. बिडीची तंबाखूही उन्हातच वाळते, मग ती निपाणीची असो की गुजरातेतल्या चरोतरची. पण ती कडक, साखर कमी आणि निकोटिन जास्त. उन्हात वाळवलेली दोन्ही पानं, पण एक धूप झालं आणि दुसरं ठसका.

तंबाखूवर मत देण्याचा हा खेळ जुना आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. १६०४-०५ च्या सुमारास, म्हणजे सिंदखेडराजात जिजाऊ सहा-सात वर्षांच्या असतील तेव्हा, अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला. त्यानं उत्तरेत फारशी कुणी न पाहिलेली तंबाखू आणि रत्नं जडवलेली एक नळी बादशहापुढं ठेवली. काय घडलं ते त्यानंच लिहून ठेवलंय. अकबराला कुतूहल, त्यानं थोडी ओढून पाहिली. हकिमानं मोडता घातला, या वस्तूचे गुणदोष आपल्या ग्रंथांत नाहीत म्हणाला. खान-ए-आझम म्हणाला, हिला मक्का-मदिनेत ओळखतात. असद बेगनं युक्तिवाद केला की प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. बादशहानं स्वतः सवय लावून घेतली नाही, सरदारांनी मात्र लावली. पुढं १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं, आणि त्याला कुणी दाद दिली नाही. कुतूहल, वैद्याची ताकीद, 'मोठे लोकही घेतात' हा पुरावा, आणि न पाळली जाणारी बंदी. चारशे वर्षांत ओट्यावर एकही मत नवं आलेलं नाही.

फक्त असद बेगच्या गोष्टीत बाईचं मत नाही. आमच्याही ओट्यावर नव्हतं. ते स्वयंपाकघरातून आलं.

काकू पंचाऐंशीची. माहेर जालन्याकडचं, तिथूनच मिसरीची सवय घेऊन आलेली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि दाताला लावायची. डॉक्टर रागावतात, ती हो म्हणते आणि तवा चढवते. उरलेली डबी तिनं उचलली, थोडी तव्यावर टाकली आणि उलथन्यानं हलवायला लागली. घरभर जळलेल्या गुळाचा वास. आम्ही खोकत आत गेलो, तर ती तवा खरवडत होती.

"यात साखर आहे रे. तव्याला चिकटतीय. आपली तंबाखू कधी चिकटत नाही."

भट्टी, स्टार्च आणि गुंटूर असं सगळं सांगून मी जे समजावलं होतं, ते तिनं उलथन्यानं दोन मिनिटांत शोधून काढलं. मास्तरांनी मान डोलावली. मग काकू म्हणाली, "तुम्ही ओढणारे काय मत देणार? तुम्हाला पहिल्या झुरक्याची चव कळते. पुढचं आम्हाला कळतं. तुझ्या काकाचा रात्रीचा खोकला ऐकून मी सांगायचे, आज कुठली बिडी आणली होती ते. सुका खोकला असला की नेहमीची. घरघर असली की स्वस्तातली. शेवटी शेवटी तर दोन्ही एकच झाले."

काका जाऊन अकरा वर्षं झाली. मला आठवतात ते अंगणातल्या बाजेवर, बिडी शिलगावताना, आणि शेजारी काकू तांदूळ निवडत बसलेली. कुणी म्हणालं की वहिनी, एवढा धूर कसा सोसता, तर ती हसून सांगायची, मला वास आवडतो. हे आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जायचं. मीही सांगत आलोय.

रात्री भाच्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. त्याला सगळी मतं ओळीनं ऐकवली : लागते पण लागत नाही, जीभ चावते, कालचा धूप, बाळासाहेबांचा फोटो, कोरडवाहू. तो पोट धरून हसला. मग मी म्हणालो, "काकूचं मत वेगळं आहे. ती म्हणते, तंबाखूचं मत ओढणाऱ्याला विचारू नये, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला विचारावं. तुझ्या बायकोला विचारलंस कधी?"

"विचारलंय की," तो म्हणाला, "तिला वास आवडतो."

काकूनं तवा पालथा घातला आणि फोनकडं न बघता म्हणाली, "मीही तेच सांगायचे."