फुलकिड्याला डीएसएलआर लागत नाही

मंडळी, पालवी जून व्हायला लागली आणि उत्तरेचा वारा सुटला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास फिरायला लागतात. एक म्हणजे यंदा थंडी किती पडणार याचे अंदाज. दुसरी म्हणजे “बागेच्या नोंदी नीट ठेवायच्या तर एखादा जुना डीएसएलआर घ्या, हल्ली स्वस्तात मिळतो” हा सल्ला. थंडीवर बोलण्याएवढा मी शहाणा नाही. पण हा दुसरा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकून लोक पैसे घालतायत म्हणून लिहितोय. कलमांच्या बागेत कीड-रोगाची नोंद ठेवायला जुना, प्राथमिक दर्जाचा डीएसएलआर हे चुकीचं हत्यार आहे. त्याच पैशात येणारा, अगदी जवळून फोकस होणारा खिशातला कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्या.

आता भांडायला या. पण आधी ऐकून घ्या.

आपण फोटो काढतो कशासाठी? मोहोर छान आलाय म्हणून स्टेटसला ठेवायचा असेल तर प्रश्नच मिटला, काहीही घ्या. इथे मी बोलतोय ते निदानाच्या फोटोबद्दल. म्हणजे ज्या फोटोवरून दापोलीच्या विद्यापीठातला, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातला किंवा आपल्या तालुक्याचा माणूस सांगणार की हे काय आहे, आणि त्यावरून तुम्ही ठरवणार की पंपात काय घालायचं. मोहोर तपकिरी पडून सुकला, तर तो करप्याने सुकला की फुलकिड्यांनी, हे लांबून कळत नाही. दोन्हीत मोहोर जळाल्यासारखाच दिसतो. एकाला बुरशीनाशक, दुसऱ्याला कीटकनाशक. चुकलात तर औषध, डिझेल, गड्यांची मजुरी सगळं वाया, आणि वर दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत कणी गळून जाते. त्यात घाबरून पुन्हा पुन्हा सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारत सुटलं की फुलकिडे आणि कोळी कमी व्हायच्या जागी उसळतात, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात. भर फुलोऱ्यात मारलं तर परागीकरण करणाऱ्या माशाही गेल्या. म्हणजे फोटो हा शोकेसचा विषय नाही, पेट्यांच्या आकड्याचा विषय आहे.

आता मापं बघू. फुलकिडा जेमतेम १ मिलिमीटरचा. त्याची पिल्लं त्याहून बारीक. तुडतुडा ४-५ मिलिमीटर, तो त्या मानाने हत्ती म्हणायचा. जुन्या डीएसएलआरबरोबर जी १८-५५ ची लेन्स येते ती कॅननची असेल तर साधारण २५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही, निकॉनची २८ च्या आसपास. जास्तीत जास्त मोठं करून बघितलंत तरी चौकटीत साडेसहा सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो. कॅनन १२००डी सारखा १८ मेगापिक्सलचा कॅमेरा घेतला तर फोटोची रुंदी ५१८४ ठिपके. भागाकार करा: एका मिलिमीटरला ऐंशीच्या आतबाहेर ठिपके. ऐकायला बरं वाटतं. पण तो फोटो तुम्ही पाठवणार व्हॉट्सअॅपवर, आणि व्हॉट्सअॅप साध्या पाठवणीत फोटो साधारण १६०० ठिपक्यांवर आणून ठेवतं. मग तुमच्या फुलकिड्याला उरले पंचवीसेक. पंचवीस ठिपक्यांत फुलकिडा आणि मोहोराच्या देठावरची लव यांतला फरक कुठलाही साहेब सांगू शकणार नाही. सांगितला तर तो अंदाज आहे, निदान नाही.

खिशातले बरेचसे कॉम्पॅक्ट झूम न करता १ ते ५ सेंटीमीटरवर फोकस होतात. जो १ सेंटीमीटरवर होतो त्याची चौकट दोन-अडीच सेंटीमीटरची पडते. तोच फोटो, तेच व्हॉट्सअॅप, आणि फुलकिड्याला साठ-सत्तर ठिपके. मेगापिक्सल कमी असूनसुद्धा. इथे मेगापिक्सलचा संबंध नाही, किती जवळ जाता येतं याचा आहे.

दुसरा मुद्दा लोकांना पटायला जड जातो, कारण आपल्या डोळ्यांना भलतीच सवय लागली आहे. मागचं सगळं धूसर आणि मधोमध एक फूल ठसठशीत, असा फोटो दिसला की आपण म्हणतो, “वा, काय कॅमेरा आहे!” निदानाला तो धूसरपणा म्हणजे शत्रू. मोहोराची दांडी काही सपाट नाही. पुढची फुलं, मधली दांडी, मागचे देठ, सगळं स्पष्ट दिसायला हवं, कारण कीड कुठे बसली आहे ते तुम्हाला आधी ठाऊक नसतं. आता सेन्सरचा आकार बघा. डीएसएलआरचा साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. साध्या कॉम्पॅक्टचा ६ बाय साडेचार. सेन्सर जितका लहान तितकी स्पष्ट दिसणारी खोली जास्त. तोच विषय तेवढाच मोठा चौकटीत घेतला, तर कॉम्पॅक्टवर एफ २.८ ला जेवढी खोली मिळते तेवढी डीएसएलआरवर मिळवायला एफ १० च्या आसपास जावं लागतं. तिथे उजेड कमी पडतो. मग आयएसओ वाढवा, नाहीतर शटरचा वेग उतरवा. आणि भाट्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या अंगाला ज्यांच्या बागा आहेत त्यांना विचारा, दुपारी अकरानंतर मोहोर एका जागी थांबतो का. ज्या बारक्या सेन्सरला फोटोग्राफर नाव ठेवतात, तोच आपल्या कामाला येतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच परीक्षणात लिहिलेली नसते: हात किती लागतात. बागेत डावा हात फांदीला असतो. शिडीवर असाल तर तो शिडीला असतो. म्हणजे कॅमेऱ्याला उरला एक हात. १२००डी किंवा निकॉन डी३१०० उजव्या हाताने तोलून, डोळा नळीला लावून, लेन्सची रिंग फिरवून बघा एकदा. मागच्या पडद्यावर बघून काढायचा म्हटलं तर या जुन्या कॅमेऱ्यांचा फोकस पडद्यावरून घ्यायला लागला की इतका रेंगाळतो की तोवर तुडतुडा पानाच्या पलीकडे. पडदा वळतही नाही. कॉम्पॅक्ट एका हातात मावतो, पानाखाली उलटा धरता येतो, आणि काम झालं की खिशात. जी वस्तू खिशात असते तिने फोटो निघतात. गळ्यात लटकणारी वस्तू तिसऱ्या दिवशी घरच्या कपाटात जाते.

इथे माझे काही शास्त्र शिकलेले मित्र म्हणतात, “अरे, रिव्हर्स रिंग लाव ना. थोडक्या पैशात लेन्स उलटी बसते, आणि डीएसएलआरने फुलकिड्याचे पंखसुद्धा दिसतात.” खरं आहे. टेबलावर, कापून आणलेल्या डहाळीवर, दिव्याखाली दिसतात. पण लेन्स उलटी लावली की तिचा कॅमेऱ्याशी संबंध तुटतो. कॅननच्या लेन्सचं भोक सताड उघडं राहतं, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली केसाएवढी. निकॉनच्या नवीन प्रकारच्या लेन्सचं उलट, भोक मिटून बसतं आणि काही दिसतच नाही, मागची दांडी बोटाने उघडी धरायला लागते. फोकस करायला स्वतः पुढे-मागे डोलायचं. हे प्रयोगशाळेतलं काम आहे. ज्यांच्याकडे टेबल आहे त्यांनी खुशाल करावं. माझ्याकडे शिडी आहे.

डीएसएलआर कुठे जिंकतो तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. पेटीच्या लेबलाला किंवा जाहिरातीला हापूसचा रंग दाखवायचा आहे, तर डीएसएलआर. संध्याकाळी मांगरात कमी उजेडात आढीचे फोटो, तर डीएसएलआर. बॅटरीही त्याचीच जास्त टिकते. आणि पोरीचं लग्न असेल तर काय बोलणार. पण चाळीस फुटी जुन्या कलमाच्या शेंड्याला मोहोर कसा आहे हे खालून बघायचं असेल तर त्या १८-५५ चा उपयोग नाही, वेगळी लांब लेन्स घ्यावी लागते, म्हणजे परत खर्च. वीस-पंचवीस पट झूमचा प्रवासी कॉम्पॅक्ट तिथे शेंडा दाखवतो, थोडा थरथरत का होईना.

“मोबाईल आहे की!” हा प्रश्न येणारच. चांगला महागडा मोबाईल असेल आणि त्याचा मॅक्रो खरा असेल तर माझं काही म्हणणं नाही, तोच वापरा. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात जो मोबाईल आहे त्यावर “मॅक्रो” म्हणून २ मेगापिक्सलची एक काच चिकटवलेली असते, ती मोजणीपुरती आहे. दुसरं, मोबाईल स्वतःच्या मनाने रंग सुधारतो. पान जेवढं आहे त्याहून हिरवं दाखवतो, भुरीचा पांढुरका थर गुळगुळीत करून टाकतो. नेमका जो रंग बघायचा तोच बदलतो! आणि तिसरं, फवारणीच्या दिवशी औषधाच्या हाताने तोच मोबाईल धरायचा, मग तोच कानाला आणि नंतर लेकराच्या हातात. हे मला पटत नाही. बागेची वस्तू बागेची असावी.

कुठला घ्यायचा? ऑलिंपसच्या टफ टीजी मालिकेतला मिळाला तर सोन्याहून पिवळं. टीजी-४ हा २०१५ चा, टीजी-५ २०१७ चा, टीजी-६ २०१९ चा. त्यात मायक्रोस्कोप नावाचा मोड आहे, लेन्सपासून १ सेंटीमीटरवर झूम लावूनसुद्धा फोकस होतो, जीपीएस आहे, आणि लेन्स बाहेर येत नाही. हे शेवटचं आपल्याकडे फार मोठं. कातळावरच्या बागेत जांभ्याची जी तांबडी धूळ उडते ती बाहेर येणाऱ्या लेन्सच्या फटीतून आत जाते आणि मग प्रत्येक फोटोत तोच डाग. साध्या कॉम्पॅक्टलाही हा धोका आहे, लपवत नाही. पण डीएसएलआरमध्ये झूम तर बाहेर येतोच, वर लेन्स बदलायला काढलीत की सेन्सरच उघडा. जुना टीजी घेताना मात्र बॅटरीच्या दारावरचं रबराचं सील बघा. कंपनीने १५ मीटर पाण्यात चालेल म्हटलंय ते नव्या सीलला, दहा वर्षं वाळलेल्या सीलला नाही. टीजी मिळाला नाही तर कॅनन, निकॉन कुणाचाही चालेल, फक्त माहितीपत्रकात “कमीत कमी फोकस अंतर” बघा. १ किंवा २ सेंटीमीटर असेल तर पुढे बोला. शहरातल्या पोरांना सध्या जुन्या डिजिकॅमचं वेड लागलंय त्यामुळे भाव थोडे चढलेत. घाई करू नका. दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि रुपयाच्या नाण्यावरची अक्षरं काढून बघा. दोन मिनिटांत कळतं.

आणि यातलं काहीही घेण्याआधी दहा पटीचं भिंग घ्या. कॅमेरा त्याच्यानंतर. आधी स्वतः बघायचं, मग दुसऱ्याला दाखवायचं.

काढायची पद्धतही थोडी सांगतो, कारण चांगला कॅमेरा घेऊनही लोक आख्ख्या झाडाचा एक फोटो पाठवतात आणि “काय मारू?” विचारतात. शाळेतला मिलिमीटरचा ग्राफ पेपर पुठ्ठ्यावर चिकटवा. मोहोर त्याच्यावर धरून दोन-तीनदा झटका. फुलकिडे असतील तर खाली पडून चालायला लागतात. वरून फोटो. एक चौकोन म्हणजे १ मिलिमीटर, मोजपट्टी आपोआप आली, आणि समोरच्याला आकारावरून निम्मं उत्तर मिळतं. किती मोहोर झटकले आणि किती पडले तो आकडा फोटोबरोबर लिहा. फ्लॅश बंद ठेवा, इतक्या जवळून तो नुसता पांढरा भगभगाट करतो. कॅमेऱ्याची सावली पडते ही जवळून काढण्यातली खरी अडचण आहे, तेव्हा उन्हाकडे पाठ करू नका, बाजूने उजेड घ्या. मग एक फोटो मोहोराचा, एक फांदीचा, एक झाडाचा. पाठवताना व्हॉट्सअॅपवर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा, म्हणजे ठिपके कापले जात नाहीत. नारळावरच्या इरिओफाईड कोळ्याचा मात्र नाद सोडा, तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, त्याला सूक्ष्मदर्शकच पाहिजे. त्याच्या बाबतीत फळावरच्या ओरखड्यांचा फोटो पुरतो.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींनाही एक विनंती. तुम्ही “क्लियर फोटो पाठवा” एवढंच लिहिता. क्लियर म्हणजे काय ते शेतकऱ्याला कळत नाही, मग तो डीएसएलआरवाल्या भाच्याला बोलावतो आणि तुम्हाला मोहोराचं सुंदर चित्र येतं. त्याऐवजी “ग्राफ पेपरवर झटकून, दोन सेंटीमीटरवरून” असं लिहा. आणि फोटोत कीड दिसत नसेल तर सरळ “दिसत नाही, परत काढा” म्हणा. औषधाचं नाव सांगू नका.

राहिला पावसाळा. जूनला बाग शांत झाली की कॅमेरा कातडी पाऊचमध्ये कपाटात टाकू नका, आपल्या दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते आणि ती साफ करायचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बॅटरी बाहेर काढून. तांदळात ठेवू नका, त्याचा भुसा आत जातो. पंधरा दिवसांनी पुड्यांचा रंग बघा आणि बदलला असेल तर तव्यावर मंद आचेवर परत सुकवून घ्या.

ग्राफ पेपरवर काढलेले तुमच्या बागेतले फोटो खाली टाका, कुठल्या कॅमेऱ्याने आणि किती अंतरावरून ते लिहून. डीएसएलआरवाल्यांनी आपलेही टाकावेत. शेजारी शेजारी ठेवून बघू.