अक्षर आणि त्याचें वस्त्र

गतवर्षीं या वार्षिकासाठीं एका मुलीनें आपल्या आजोबांच्या यंत्रमागाविषयीं लेख लिहून आणला. घरच्या संगणकावर तो शुद्ध मराठींत दिसत होता. शाळेच्या संगणकावर उघडतांच रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग पुढें आला. छपाईची वेळ टळली व लेख अंकांत येऊं शकला नाहीं. मुलीस दोष कसा द्यावा? जुन्या फॉन्टची संवय तिला आम्हां वडील मंडळींकडूनच लागली होती.

जुन्या फॉन्टांत संगणक रोमन अक्षरांच्याच खुणा सांठवितो. त्यांस मराठी रूप देतो तो फॉन्ट. दुसऱ्या यंत्रावर तो नसला कीं मराठी नाहींशी होते. युनिकोडमध्यें मात्र प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे; ‘क’ चा ०९१५. इ. स. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तेथें स्थान आहे. भिवंडीकरांच्या भाषेंत सांगावयाचें तर युनिकोड हें सूत आणि फॉन्ट हा रंग. रंग पालटला तरी सूत तुटत नाहीं.

म्हणून मजकूर बिघडल्यास वैद्याप्रमाणें आधीं लक्षण पाहावें. रोमन गोंधळ दिसला, तर मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेऊन मूळ प्रतीशीं ताडावा. अशा बदलांत रफार व जोडाक्षरें चुकतात. रिकाम्या चौकटी दिसल्या, तर देवनागरी फॉन्ट बसवून लेखनाचा प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडावा. तरीही रूप पालटेना, तर वर्डमध्यें ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या सदराखालीं आपल्या लिपीचा फॉन्ट निराळा नेमावा लागतो, तो नेमला आहे कीं नाहीं हें पाहावें.

कोणी म्हणतील, जुना फॉन्ट हाताच्या वळणाचा आहे आणि कागदावर सुंदरही उमटतो. तें खरें आहे. परंतु त्या मजकुरांत एखादा मराठी शब्द शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, आणि अंध बांधवांस संगणक तो वाचून दाखवूं शकत नाहीं.

विल्यम केरी यांनीं इ. स. १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण बंगालमधील सेरामपूर येथें देवनागरी खिळ्यांनीं छापविलें, इ. स. १८१० चा त्यांचा कोश मात्र मोडींत निघाला. मोडी ही त्या काळीं नित्य व्यवहाराची लिपि होती. आज तो कोश आपल्यापैकीं किती जणांस वाचतां येईल? जी किल्ली थोड्यांच्याच हातीं असते, तिच्या कुलुपांत ज्ञान ठेवूं नये, हा धडा त्यांतून घ्यावा.

पालकहो, पुढील अंकाचे लेख युनिकोडमध्येंच पाठवावेत, अशी आमची विनंती आहे. घरीं जुन्या फॉन्टांतील पत्रें व वंशावळी असतील, तर तो फॉन्ट यंत्रावर आहे तोंवरच त्या बदलून ठेवाव्या. आजोबांच्या मागाची ती हकीकतही आम्हांस अजून छापावयाची आहे.