तोफ कुठे दडली आहे?

कारगिलचे युद्ध म्हटले, की आठवतात ती उत्तुंग शिखरे आणि बोफोर्स तोफांचा भडिमार. पण १९९९ च्या त्या उन्हाळ्यात आपल्या सैन्याला एक प्रश्न सतत छळत होता : डोंगरापलीकडून येणारा गोळा नेमका सुटतो कुठून? तोलोलिंग, टायगर हिल या शिखरांवर बसलेल्या शत्रूला खालचा श्रीनगर-लेह महामार्ग दिसत होता. त्याच्या इशाऱ्यावर नियंत्रण रेषेपलीकडच्या तोफा आग ओकत होत्या. गोळे येत होते, तोफा मात्र दिसत नव्हत्या.

प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने आवाजावरून तोफ शोधण्याची पद्धत बसवली. १९१५ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळवणारा तो हाच. ओळीने मायक्रोफोन मांडायचे, तोफेचा आवाज कोणत्या मायक्रोफोनपाशी किती आधी पोहोचला हे मोजायचे आणि त्या फरकावरून नकाशावर जागा काढायची.

आता हे काम रडार करते. गोळा आकाशात चढत असतानाच रडार त्याला हेरते आणि काही सेकंद त्याचा माग काढते. संगणक त्याच्या मार्गाची कमान उलट दिशेने जमिनीपर्यंत नेतो. गोळा पडण्यापूर्वीच तोफेचा ठावठिकाणा लागू शकतो! मग आपल्या तोफांना अंदाजाने मारा करावा लागत नाही.

पाकिस्तानकडे अशी अमेरिकी रडार कारगिलच्या आधीच होती. आपल्याकडे नव्हती. खरेदीचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा अमेरिकेचे दार बंद झाले. २००१ मध्ये निर्बंध उठले, २००२ मध्ये करार झाला. म्हणजे युद्ध संपल्यावर! पुढे आपल्याच शास्त्रज्ञांनी ‘स्वाती’ रडार घडवले. ते २०१७ मध्ये लष्कराच्या हवाली झाले.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय आपल्याला महाग पडते. नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याचे अधिकारी आणि जवान शिकून तयार होतात. त्यांच्या कौशल्याला तोड नाही. पण शत्रूची तोफ शोधणारा डोळा त्यांना वेळेवर मिळतो की नाही, हे दिल्लीतल्या फायलींवर ठरते. फाईल रेंगाळली, तर किंमत मोजावी लागते ती डोंगरावर उभ्या असलेल्या जवानाला.