बोडीचा खिळा

कॅलिफोर्नियात ऑनसाइट गेलेली मंडळी वीकेंडला व्हेगास गाठतात. मी गाठलं बोडी. सिएरा पर्वतापलीकडचं, सोन्यापायी वसलेलं आणि सोनं संपल्यावर ओस पडलेलं गाव. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी!

१८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी या गृहस्थाला इथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात गेला. गावाची चांदी झाली ती १८७७ नंतर. वस्ती हजारोंची, पण गावाला दिलेल्या त्याच्या नावाचं स्पेलिंगही बदललेलं. (अप्रेझल आठवलं ना?)

१९६२ पासून हे स्टेट पार्क आहे. घरं पडू द्यायची नाहीत, पण नवीही करायची नाहीत. काचेतून डोकावलात तर दुकानाच्या फळीवर डबे तसेच, त्यावरची धूळसुद्धा.

पायाशी एक गंजका खिळा दिसला. हळूच खिशात टाकला. इथली वस्तू नेली की शाप लागतो म्हणे. लोक माफीच्या पत्रांसकट पोस्टाने परत पाठवतात. मी शापबिप मानत नाही. पण समोरची अख्खी भिंत असल्याच खिळ्यांवर उभी होती. गुपचूप जागच्या जागी ठेवला.

जाणार असाल तर पाणी आणि डबा न्या. तिथे खायला काही मिळत नाही.